एच-१बी: कामाला पदवी लागते हे ठरवणार कोण?

हिंजवडीकर:
भाच्याच्या एच-१बीला, म्हणजे पदवी लागणाऱ्या कामासाठीच्या अमेरिकी व्हिसाला, आरएफई (आणखी पुरावे मागणारा सरकारी कागद) आलाय. पोरगं बीई कॉम्प्युटर, पद टेस्टिंगचं, ऑटोमेशनचं अख्खं फ्रेमवर्क त्यानेच उभं केलेलं. तरी विचारतात, 'या कामाला पदवी लागते हे दाखवा.' त्याच्याकडे पदवी आहे, ते पुरत नाही!

ठरवणार कोण, तर अमेरिकी कामगार खात्याचं ऑक्युपेशनल आउटलुक हँडबुक (कुठल्या पेशाला काय शिक्षण लागतं ते सांगणारं) उघडून बसलेला इमिग्रेशन अधिकारी. याच हँडबुकात लिहिलं होतं की काही कंपन्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवरही प्रोग्रामर घेतात. तेवढ्या वाक्यावर इमिग्रेशन खात्याच्या २०१७ च्या मेमोने प्रोग्रामरचं पदच संशयित करून टाकलं. डिसेंबर २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने इनोव्हा सोल्युशन्सच्या खटल्यात कान टोचले, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२१ मध्ये मेमो मागे घेतला. माझं स्पष्ट मत: काय शिकलेला माणूस लागतो ते कंपनीला ठरवू द्या. सरकारने पगार बघावा, बास.

डॅलसवाला:
साफ असहमत. कंपनीला ठरवू दिलं की काय होतं ते २००० सालच्या डिफेन्सर खटल्यात दिसलं. नर्स पुरवणारी एजन्सी म्हणे आम्हाला पदवीधरच लागतात. ज्या हॉस्पिटलांत त्या काम करणार, त्यांची अशी अटच नव्हती. कोर्टाने हॉस्पिटलची अट धरली. बरोबरच केलं.

मी टीममध्ये माणसं घेतो, अर्जासोबतच्या सपोर्ट लेटरवर (कामाचं वर्णन देणारं कंपनीचं पत्र) सही करतो. त्याचा मसुदा कसा येतो? 'रिक्वायरमेंट गोळा करणे, युजर्सशी समन्वय, बग दुरुस्ती.' वरचं नाव बदला, कोणालाही चालेल. मी तो परत पाठवतो आणि असं लिहायला लावतो: '३० टक्के वेळ, एकाच खात्यावर एकाच वेळी येणाऱ्या पेमेंट्सच्या चाचण्या रचणे, त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम्समधली कॉन्करन्सी आणि डेटाबेसमधलं ट्रान्झॅक्शन लॉकिंग.' प्रत्येक कामासमोर अभ्यासक्रमातला विषय आला की कोड न लिहिलेल्या अधिकाऱ्यालाही कळतं.

आणि पगाराचंच म्हणाल, तर एलसीएवर (कामगार खात्याकडे भरायचा पगाराचा फॉर्म) लेव्हल १, म्हणजे सगळ्यात खालची पगारश्रेणी, आणि पत्रात 'अत्यंत गुंतागुंतीचं काम' हे एकाच पाकिटात जातं. शंका येणारच ना?

गोदाकाठ:
लेव्हल १ चा मुद्दा पटला नाही. नवखा डॉक्टरही त्याच्या पेशात लेव्हल १ ला बसतो, म्हणून त्याला पदवी लागत नाही का? लेव्हल त्या पेशातला अनुभव सांगते.

माझा आक्षेप वेगळाच आहे. आमच्याकडे डिझाइन करतो तो बीएस्सीवाला, बीईवाले त्याला विचारून कोड लिहितात. त्याच्या तीन वर्षांच्या पदवीला चौथं वर्ष जोडायला तीन वर्षांचा अनुभव दाखवा, प्रोफेसरचं मूल्यमापन आणा. परीक्षा नोकरीची म्हणायची आणि कसोटी लावायची मार्कशीटला!

जानेवारी २०२५ च्या नियमाने थोडं सैल केलंय हे खरं. 'सर्वसाधारणपणे लागते' म्हणजे 'प्रत्येक वेळी लागते' असं नाही, आणि पदवीचा कामाशी तर्कसंगत संबंध असला की पुरे, हे त्यात आलं. पण पदवीची अट आहे तिथेच आहे.

खडूस:
कुठल्या जगात आहात मंडळी? सप्टेंबर २०२५ च्या घोषणेत अमेरिकेबाहेरच्या माणसाच्या नव्या अर्जाला १ लाख डॉलर सांगितलेत. तेवढे भरून टेस्टर कोण नेतंय?

हिंजवडीकर:
@खडूस, तो तिथेच आहे, एमएस करून ओपीटीवर (शिक्षणानंतरची तात्पुरती कामाची परवानगी). तिथूनच एच-१बीवर स्टेटस बदलायचा अर्ज आहे.
@डॅलसवाला, पत्राचं मान्य, आमचंही तसलंच गुळगुळीत गेलंय. पण कंपनीने पोरगं ज्या बँकेत कामाला पाठवलंय तिथला मॅनेजर म्हणतो, व्हेंडरच्या (माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या) माणसासाठी आम्ही पत्र देत नाही. मग कंपनीची अट धरायची नाही आणि क्लायंट बोलायचा नाही, तर पुरावा आणायचा कुठून? मी म्हणतो तो अन्याय हाच.

डॅलसवाला:
अन्याय नाही, मधल्या दलालीची किंमत आहे. थेट नोकरी असती तर हा प्रश्नच नव्हता. २०२५ च्या नियमातही दुसऱ्याकडे पाठवलेल्या माणसासाठी क्लायंटचीच अट बघायची असं आहे.

पत्र नाही तर एसओडब्ल्यू (क्लायंटशी झालेला कामाचा करार) काढा, गोपनीय रकमांवर काळ्या पट्ट्या मारा. बँकेने त्याच कामासाठी दिलेली स्वतःची भरतीची जाहिरात असेल तर तीही जोडा, तिच्यात पदवीची अट बहुधा सापडेल. मॅनेजरची कामं वाटून देणारी ईमेल्स लावा. आरएफईची मुदत वाढवून मिळत नाही आणि उत्तर एकदाच, एकगठ्ठा द्यायचं असतं. वकिलाला आजच फोन करा.