मदत हवी आहे: टायमिंग चेन दात सोडून सरकली, हेड उतरवावं का?

वडिलांची २००१ ची शंभर सीसी गाडी. रविवारी साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटात खळखळ वाढली आणि इंजिन एकदम बंद पडलं. आता किक हलकी जाते, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) लागतच नाही. मिस्त्रींनी कव्हर काढून पाहिलं: टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर झिजलाय, मॅग्नेटची टी खूण (पिस्टन अगदी वर असल्याची) जुळवली तरी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची खूण दोन दात मागे राहते.

नुसती चेन, टेन्शनर, स्प्रॉकेट बदलून भागेल, की पिस्टन लागून व्हॉल्व्ह वाकले असतील? हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवता ते कसं ओळखायचं?

महिनाभर तो आवाज टॅपेटचा समजून सोडून दिला, त्याचं फार वाईट वाटतंय. वडील याच गाडीवर कामाला गेले, भंगारात द्यायची नाही. सातारा-कराड भागात व्हॉल्व्हचं काम नीट करणारं कुणी माहीत आहे का?