ऑगस्टमधील सरावाच्या बातम्यांवरून संघाची गटवार पारख कशी करावी?

हुरॉनकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी बरीच वर्षे अॅन आर्बरला राहतो. मुलगी मिशिगन विद्यापीठात दाखल झाली तेव्हापासून अमेरिकन फुटबॉल नेटाने पाहू लागलो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये संघाचा हंगामपूर्व सराव चालू असताना मी एक उद्योग केला होता. वहीत प्रत्येक गटाचे नाव लिहून त्यासमोर दहापैकी गुण मांडले होते. सराव बंद दाराआड होत असल्यामुळे डोळ्यांनी काहीच पाहिलेले नव्हते. प्रशिक्षकांच्या मुलाखती, पॉडकास्ट आणि आतून झिरपणाऱ्या गोष्टी एवढाच काय तो आधार होता. आवराआवरीत ती वही नुकतीच हाती लागली.

बचावाच्या फळीत मधोमध उभ्या राहणाऱ्या टॅकलना मी दहा गुण दिले होते, टाइट एन्डला (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा) नऊ, कॉर्नरबॅकना (पास झेलणाऱ्यांना रोखणारे) नऊ, एजला (बचावाच्या कडेने पास फेकणाऱ्यावर धावून जाणारे) आठ. हे गुण बहुतेक खरे ठरले. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन्ही टॅकल २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांकडून होणारी महाविद्यालयीन खेळाडूंची निवड) पहिल्याच फेरीत अनुक्रमे पाचव्या व तेराव्या क्रमांकावर निवडले गेले, आणि टाइट एन्ड कोल्स्टन लव्हलंड दहाव्या. मात्र क्वार्टरबॅकला (पास फेकून आक्रमण चालवणारा) दिलेले सहा आणि ऑफेन्सिव्ह लाइनला (त्याला सांभाळणारी पाच जणांची फळी) दिलेले सात गुण आज वाचताना मान खाली जाते. पहिल्या सामन्यात फ्रेझ्नो स्टेटला ३०-१० असे हरवले. पण पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर टेक्ससने ३१-१२ अशी धूळ चारली. डेव्हिस वॉरन, ॲलेक्स ओर्जी, जॅक टटल आणि पुन्हा वॉरन अशी क्वार्टरबॅकची फिरती झाली, आणि पासवर मिळालेल्या यार्डांत संघ देशाच्या तळाशी राहिला. रनिंग बॅकमध्ये (चेंडू घेऊन पळणाऱ्यांत) माझे आठही गुण डोनोव्हन एडवर्ड्सच्या नावावर होते, पण गाडा ओढला तो केलेल मुलिंग्जने. किकरला पाच गुण का दिले होते, हे तर मला आता आठवतही नाही.

प्रश्न असा आहे की, जिथे मी चुकलो तिथे बातम्याच फसव्या होत्या, की त्या वाचण्याची माझी रीत चुकीची होती? पुढच्या ऑगस्टमध्ये प्रत्येक गटासाठी नेमके काय पाहावे?

चौथा डाउन

तुमच्या प्रश्नात अर्धे उत्तर दडलेले आहे. तुम्ही अकरा गटांना अकरा स्वतंत्र विषयांसारखे गुण दिलेत. परंतु सरावात संघ स्वतःशीच खेळत असतो, म्हणजे या खिशातले त्या खिशात. लाइनने क्वार्टरबॅकला छान सांभाळले ही लाइनसाठी चांगली बातमी असेल, तर एजसाठी ती वाईट बातमी आहे. दोन्ही गट एकाच दिवशी ‘जबरदस्त’ ठरवणारा वृत्तांत वाचला की मी तो बाजूला ठेवतो.

मिशिगनच्या २०२४ च्या सरावात ही अडचण टोकाला गेली होती. आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या संघातील तेरा खेळाडू ड्राफ्टमध्ये गेले होते आणि ऑफेन्सिव्ह लाइनचे नेहमीचे पाचही चेहरे बाहेर पडले होते. नव्या लाइनसमोर रोज ग्रॅहम आणि ग्रँट उभे. एवढ्या तगड्या जोडीपुढे लाइन मागे रेटली गेली, तर लाइन कच्ची आहे की समोरचे असामान्य आहेत, हे प्रशिक्षकालाही पहिल्या आठवड्यात सांगता येणार नाही. आपण बाहेरचे लोक मात्र ‘असल्यांशी रोज झुंजतात म्हणजे तयार होतीलच’ असा सोयीचा अर्थ लावतो. झुंजल्याने सवय होते हे खरे, पण सव्वातीनशे पौंडांचा माणूस मागे ढकलला गेला की क्वार्टरबॅकच्या पायांची लय बिघडते, आणि महिनाभर बिघडलेली लय हीदेखील सवयच असते.

दुसरी बाब म्हणजे सरावाचे नियम. २०२१ पासून हंगामापूर्वीच्या पंचवीस सरावांपैकी पहिले सात दिवस शरीराला रुळवण्यासाठी राखलेले असतात. त्यातही पहिले दोन दिवस केवळ हेल्मेट घालून. त्यानंतरच्या अठरांपैकी पूर्ण पॅड घालून जास्तीत जास्त नऊ, त्या प्रत्येकात पूर्ण धडकाधडकीचा वेळ अधिकाधिक पंचाहत्तर मिनिटे, आणि पूर्ण स्क्रिमेज (आपसातला सराव सामना) फक्त दोन. म्हणजे खऱ्या फुटबॉलसारखे फुटबॉल त्या महिन्यात फारच थोडे होते. पहिल्या आठवड्यातील बातम्यांत रिसीव्हर (पास झेलणारे) आणि कॉर्नरबॅक चमकतात याचे कारण एवढेच, की हेल्मेट आणि चड्डीवर त्यांचाच खेळ दिसू शकतो. लाइन आणि रनिंग बॅक यांची परीक्षा तेव्हा सुरूसुद्धा झालेली नसते.

आता तुमच्या मुलिंग्जकडे येतो. पॅड घातल्यावरही बहुतेक सराव धक्क्यापुरता असतो. बचावपटू छातीने आदळतो, मिठी मारतो, परंतु पाडत नाही, आणि शिटी वाजते. मुलिंग्ज हा पूर्वीचा लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा). पहिल्या धडकेनंतरही पाय चालू ठेवून आणखी चार यार्ड ओढून नेणे, हाच त्याचा गुण, आणि शिटी नेमकी त्याच क्षणी वाजते. उलट एडवर्ड्सचा वेग आणि वळणे सरावात सहज डोळ्यांत भरतात. शिवाय त्या उन्हाळ्यात आलेल्या कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ गेमच्या मुखपृष्ठावर त्याची छबी होती, त्याचाही परिणाम तुमच्या वहीवर झाला असणार. यूएससीविरुद्ध पासवर जेमतेम ३२ यार्ड मिळवूनही संघ २७-२४ असा जिंकला, त्यात अखेरच्या चढाईतील मुलिंग्जची ६३ यार्डांची धाव निर्णायक होती. ती धाव ऑगस्टच्या सरावात झाली असती, तर शिटीने केव्हाच थांबवली असती.

क्वार्टरबॅकचेही तेच, फक्त उलट्या बाजूने. त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते आणि त्याला कोणी हात लावायचा नसतो. ओर्जीची ताकद पळण्यात होती, ती अशा सरावात मोजताच येत नाही. आणि वॉरनसारखा ‘पॉकेट’मध्ये, म्हणजे लाइनच्या आडोशाला, उभा राहून फेकणारा मुलगा, अंगावर कोणी येणार नाही या खात्रीने, असतो त्यापेक्षा बरा दिसतो.

सीमारेषा

वरील विवेचन पटले. पण मला वाटते बातम्या वाचण्याची खटपट करण्यापेक्षा प्रशिक्षक काय करतात ते पाहावे. बोलण्याला पैसे पडत नाहीत. वसंत ऋतूतील सरावात सेफ्टी (बचावात सर्वांत मागे उभा राहणारा) रॉड मूरच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि लवकरच मिशिगन स्टेटहून जेडन मॅन्घम आणि टेनेसीहून वेस्ली वॉकर हे दोन बचावपटू ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आणले गेले. मुलाखतीत कोणी कितीही ‘आमच्या सेफ्टींवर पूर्ण विश्वास आहे’ म्हणो, गटाबद्दलचे खरे मत तिथे उघड झाले होते. लाइनबॅकरचेही तसेच: जुने दोघे गेले, तर मेरीलँडहून जेशॉन बारहम आला. बाहेरून माणूस आणणे ही प्रशिक्षकाने स्वतःच्या गटाला दिलेली गुणपत्रिका असते.

हुरॉनकाठ

सीमारेषा, ही कसोटी मला आवडली, पण ती माझ्या वहीला लावून पाहिली तर क्वार्टरबॅकवर अडते. बाहेरून नवा क्वार्टरबॅक कोणीच आणला नाही. तुमच्या रीतीने त्याचा अर्थ ‘आहेत त्यांच्यावर समाधान’ असा होतो, आणि मी सहा गुण बहुधा त्याच तर्काने दिले असावेत.

चौथा डाउन

म्हणूनच ती कसोटी एकटी वापरू नये. आधीचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले ते २०२४ च्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि शेरोन मूर यांच्याकडे सूत्रे आली तोवर पोर्टलमधले नाव घेण्याजोगे बहुतेक क्वार्टरबॅक दुसरीकडे स्थिरावले होते. बाजार उठल्यावर रिकाम्या पिशवीने परतणाऱ्याला ‘घरात भाजी भरपूर आहे’ असे कोणी म्हणत नाही. प्रशिक्षकाने काय केले याच्या जोडीला, त्याला काय करणे शक्य होते हेही विचारायला हवे.

क्वार्टरबॅकपुरते मी एकच पाहतो: पहिल्या संघाबरोबरच्या खेळी कोणाला मिळत आहेत, आणि दुसऱ्या स्क्रिमेजनंतरही त्या वाटून दिल्या जात आहेत का. सामना तोंडावर येईपर्यंत नाव जाहीर होत नसेल, तर दोघे तुल्यबळ आहेत असे म्हणणे शक्य असते, पण ते कितपत वर आहेत हे त्यातून कळत नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी असू शकते. टटल हा सर्वांत अनुभवी. तोच दुखापतीमुळे बाजूला होता, म्हणजे तुलनेसाठी मोजपट्टीही उरली नव्हती. वॉरनबद्दल मला व्यक्तिशः आदर आहे. शालेय वयात रक्ताच्या कर्करोगातून बरा झालेला, शिष्यवृत्तीविना संघात आलेला मुलगा पहिल्या सामन्यात सुरुवात करतो ही साधी गोष्ट नाही. तो आदर आणि गुण मात्र वेगळ्या रकान्यांत लिहावे लागतात.

मधली फळी

मी शाळेच्या संघाला काही वर्षे लाइनचे तंत्र शिकवण्यात मदत केली आहे, म्हणून त्या एका गटाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

सरावातील समोरासमोरच्या दोन कवायतींचे वृत्तांत सगळीकडे फिरतात. एकीत लाइनमन विरुद्ध बचावातील लाइनमन, आणि दुसरीत रिसीव्हर विरुद्ध कॉर्नरबॅक. पहिली मुळातच बचावाच्या बाजूने झुकलेली असते, कारण सामन्यात लाइनमधल्या गार्डला शेजारच्या, मधोमध असलेल्या सेंटरचा खांदा मिळतो, इथे तो एकटा असतो. दुसरी आक्रमणाच्या बाजूने झुकलेली असते. क्वार्टरबॅकवर कोणी धावून येत नाही, रिसीव्हरला हवा तेवढा वेळ आणि हवे तेवढे मैदान मिळते. त्यामुळे त्या कवायतीत रिसीव्हर जिंकला ही बातमीच नव्हे, कॉर्नरबॅक सातत्याने जिंकला ही बातमी आहे. विल जॉन्सनबद्दल तसेच ऐकू येत होते, आणि पहिल्याच सामन्यात त्याने पास अडवून ८६ यार्डांवरून टचडाउन केला. तुमचे नऊ गुण योग्य होते. याच न्यायाने रिसीव्हरविषयी आलेल्या कौतुकाला कात्री लावायला हवी होती. हंगामात लव्हलंडने ५६ झेल घेतले आणि बाहेरच्या रिसीव्हरांपैकी कोणी त्याच्या आसपासही फिरकले नाही.

लाइनबद्दल मात्र जिंकणे-हरणे बघूच नका. तिथे पाच माणसे मिळून एक खेळाडू होतो. पाच नावे सलग किती दिवस त्याच जागांवर राहिली, ते मोजा. सेंटरवर कोण आहे हे दर दोन दिवसांनी बदलत असेल, तर बाकी चौघांविषयीचे सगळे कौतुक म्हणजे पाण्यात म्हैस, बाहेर मोल. त्या वर्षी डावीकडे स्टॅनफर्डहून आलेला माइल्स हिंटन आणि नॉर्थवेस्टर्नहून आलेला जॉश प्रीब हे दोघे अनुभवी होते, पण ते एकमेकांशेजारी नवे होते, आणि मध्ये सेंटर नियमित म्हणून नवा होता. हंगाम चालू असताना सेंटर बदललाच. २०२१ आणि २०२२ मध्ये देशातील सर्वोत्तम लाइनचा ‘जो मूर’ या नावाचा पुरस्कार मिळवणाऱ्या मिशिगनला आपण सगळ्यांनी त्या पुण्याईवर दोन गुण जास्त दिले, हे कबूल करायला हवे. पुण्याई ज्यांची होती, ते पदवी घेऊन गेले होते.

आणखी एक. तुमच्या वहीत प्रत्येक गटासमोर एकच आकडा आहे. मी दोन लिहितो, एक पहिल्या नावाचा आणि दुसरा तिसऱ्या-चौथ्या नावाचा. जॉन्सन ऑक्टोबरनंतर खेळलाच नाही, आणि नोव्हेंबरअखेर कोलंबसला ओहायो स्टेटविरुद्ध लव्हलंडही नव्हता, म्हणजे तुमचे नऊ-नऊ गुणांचे दोन्ही तारे बाकावर. तरीही १३-१० असा विजय मिळाला. पुढे वर्षअखेरच्या बोल सामन्यात (नियमित हंगामानंतरची लढत) ग्रॅहम आणि ग्रँट दोघेही उतरले नाहीत आणि तरी अलाबामाला १९-१३ असे रोखले, तेव्हा बचावाच्या लाइनचा दुसरा आकडाही मोठाच होता हे दिसले. ऑगस्टमध्ये त्याची चाहूल लागते ती ‘दुसऱ्या संघाच्या बचावाने पहिल्या संघाच्या आक्रमणाला रोखले’ अशा वाक्यांतून. आपण ते वाक्य आक्रमणाची निंदा म्हणून वाचतो आणि पुढे जातो.

हुरॉनकाठ

दोन आकड्यांची सूचना वहीत आजच उतरवली. किकरविषयी मात्र कोणीच बोलले नाही.

सीमारेषा

कारण तिथे तुमच्याकडे निमित्तच नव्हते. किकर हा एकमेव गट असा आहे, की ज्याच्यासमोर सरावात कोणी हरत नाही. चेंडू खांबांच्या मधून गेला की गेला, अंतर यार्डांत लिहिलेले असते, आणि तो आकडा या खिशातून त्या खिशात जात नाही. आतून झिरपलेल्या गोष्टींपैकी कमीत कमी मीठ टाकून घ्यावी अशी हीच. अर्कान्सा स्टेटहून आलेल्या डॉमिनिक झ्वाडाने त्या हंगामात २२ पैकी २१ फील्ड गोल केले, आणि पन्नास यार्डांपलीकडचे सातही. कोलंबसला त्याने ५४ यार्डांवरून एक मारला, शेवटच्या मिनिटात २१ यार्डांवरून दुसरा, आणि यजमानांच्या किकरचे दोन प्रयत्न हुकले. तुमचे पाच गुण कशावरून आले होते ते आठवले तर इथे जरूर लिहा.

हुरॉनकाठ

वही पुन्हा पाहिली. किकरच्या ओळीत शेजारी पेन्सिलीने लिहिले आहे: ‘नाव नवीन, उच्चार विचारणे.’