शब्दचर्चा : ‘प्रादेशिक सदस्य’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न

स्कॉटलंडच्या राजकारणी मार्गो मॅकडोनल्ड (१९४३–२०१४) यांच्यावर एका दिवाळी अंकासाठी छोटे टिपण लिहीत आहे आणि पहिल्याच वाक्यात अडले आहे. मी लिहिले होते : ‘मार्गो मॅकडोनल्ड या लोदियनच्या प्रादेशिक नेत्या होत्या.’ (लोदियन म्हणजे स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा आणि तिच्या भोवतालचा मुलूख.) संपादकांनी समासात पेन्सिलीने विचारले, ‘प्रादेशिक पक्षाच्या का?’ त्यांची शंका रास्त आहे, कारण मार्गोबाई बरीच वर्षे स्कॉटिश नॅशनल पार्टीत होत्या आणि आपल्याकडच्या हिशेबाने त्या पक्षाला कोणीही प्रादेशिकच म्हणेल. पण मला सांगायचे होते ते निराळेच. १९९९पासून मृत्यूपर्यंत त्या स्कॉटिश पार्लमेंटमध्ये ज्या प्रकारच्या जागेवर निवडून येत होत्या, त्या जागेला तिथे ‘रीजनल’ म्हणतात. ‘विभागीय सदस्य’ लिहिले तर विभागीय आयुक्त डोळ्यांपुढे येतात, ‘प्रांतिक’ लिहिले तर १९३७ची मंत्रिमंडळे आठवतात. योग्य शब्द कोणता? शिवाय त्यांना आमदार म्हणावे की खासदार, हेही ठरत नाही.

पहिले उत्तर

आपली अडचण शब्दाच्या अर्थापेक्षा त्याच्या सवयींमुळे उद्भवली आहे. ‘प्रादेशिक’ हे विशेषण मराठीत इतक्या ठिकाणी राबते की ते कोणत्या नामाच्या शेजारी बसले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयातील ‘प्रादेशिक’ म्हणजे राज्याचा एक तुकडा. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या म्हणजे राज्याच्या बातम्या. प्रादेशिक पक्ष म्हणजे देशाच्या तुलनेत एका राज्यापुरता पसरलेला पक्ष. प्रादेशिक सेनेत तर तुकडा-पूर्ण हा हिशेबच नाही, तिथे भूमीचे रक्षण एवढाच अर्थ आहे. आणि प्रादेशिक कादंबरी म्हटले की नकाशा बाजूला राहून बोली, पिके, देवदैवते आणि माणसे समोर येतात. (जाता जाता : संस्कृतात ‘प्रादेश’ म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर त्यांच्यामध्ये मावते तेवढे अंतर. छांदोग्य उपनिषदात वैश्वानर आत्म्याला ‘प्रादेशमात्र’ म्हटले आहे. आपल्या विशेषणाची व्युत्पत्ती ‘प्रदेश’ शब्दावरून आहे, तरी टीचभर जागेचा तो वास त्याला कुठेतरी चिकटलेला आहे, असे मला नेहमी वाटते.)

आता यातले एकही उदाहरण माणसाचे नाही, हे लक्षात घ्यावे. कार्यालय, बातमी, पक्ष, सेना, कादंबरी यांना ‘प्रादेशिक’ म्हटल्याने कोणाचे काही कमी होत नाही. माणसाला म्हटले की होते. ‘प्रादेशिक नेता’ असे आपल्या वृत्तपत्रांत छापून येते तेव्हा ‘राष्ट्रीय नेता नव्हे’ हे न छापताच वाचले जाते. स्कॉटलंडमधील मूळ शब्दात ही उतरंड नाही. तिथे ते विशेषण जागेला लावलेले आहे, त्या जागेवर बसणाऱ्या व्यक्तीच्या वकुबाला नाही. म्हणून मराठीतही ते व्यक्तीपासून सोडवून जागेला जोडावे, असे मी सुचवीन : ‘लोदियनच्या प्रादेशिक यादीतून निवडून आलेल्या सदस्य’. वाक्य तीन शब्दांनी लांबते, पण संपादकांची पेन्सिल थांबते.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र ‘यादी’ हा शब्द का हवा हे कळण्यासाठी तिथली मतदानाची रीत समजून घ्यावी लागेल. स्कॉटिश पार्लमेंटमध्ये १२९ सदस्य असतात. त्यांपैकी ७३ जण आपल्याप्रमाणेच एका मतदारसंघातून एक असे निवडून येतात. उरलेल्या ५६ जागांसाठी देशाचे आठ प्रदेश केलेले असून प्रत्येकाच्या वाट्याला सात जागा येतात. मतदाराच्या हाती दोन कागद पडतात. २०२१च्या निवडणुकीत मतदारसंघाची मतपत्रिका फिकट जांभळी आणि प्रदेशाची पीच रंगाची होती. जांभळ्या कागदावर उमेदवारांची नावे असतात, तर पीच कागदावर पक्षांची, आणि त्यांच्या खाली, स्वतःच्या नावाने उभ्या राहिलेल्या एकट्यादुकट्या अपक्षांची. मोजणीच्या वेळी प्रत्येक पक्षाला त्या प्रदेशात तोवर मिळालेल्या जागांमध्ये एक मिळवून त्या आकड्याने त्याची प्रादेशिक मते भागतात, ज्याचा भागाकार मोठा त्याला पुढची जागा देतात, आणि असे सात वेळा करतात. ज्या पक्षाने मतदारसंघांत भरपूर जागा मारल्या त्याची मते सुरुवातीलाच मोठ्या आकड्याने भागली जातात आणि यादीतून त्याच्या पदरी थोडेच पडते. पक्षाच्या जागा भरताना त्याने आधीच जाहीर केलेल्या यादीतील नावे क्रमाने घेतली जातात.

म्हणजे हा ‘प्रदेश’ मोजणीपुरता आहे. त्याला कचेरी नाही, निधी नाही, अधिकारी नाही. १९९९मध्ये हे आठ प्रदेश युरोपीय संसदेच्या तेव्हाच्या स्कॉटिश मतदारसंघांवरून उचलले होते. महाराष्ट्रातील महसुली विभागाला आयुक्त असतो, त्यामुळे ‘विभागीय’ हा शब्द इथे साफ चुकीचा ठरेल. आपल्या महापालिकांतील बहुसदस्यीय प्रभाग हे त्यातल्या त्यात जवळचे उदाहरण वाटेल, परंतु प्रभागातील प्रत्येक जागेसाठी मतदार वेगळे मत देतो, तर इथे सात जागांसाठी मिळून एकच मत असते.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. पण मग माझ्या टिपणांतील एका नोंदीचे काय करावे? तिच्यात ‘लोदियन रीजनल कौन्सिल’ असा उल्लेख आहे, आणि त्या कौन्सिलला निश्चितच कचेरी आणि निधी दोन्ही असणार.

दुसरे उत्तर देणारे

आपण बरोबर पकडले. ती ‘रीजन’ वेगळी होती. १९७३च्या कायद्याने स्कॉटलंडच्या स्थानिक कारभाराची फेररचना झाली आणि मे १९७५पासून नऊ रीजनल कौन्सिले, त्यांच्या हाताखाली जिल्हे, आणि तीन बेटसमूहांसाठी स्वतंत्र परिषदा अशी मांडणी आली. १ एप्रिल १९९६ रोजी ती मोडून ३२ एकस्तरीय परिषदा करण्यात आल्या. त्या काळातील ‘रीजन’ ही शाळा, रस्ते, पाणी, समाजकल्याण सांभाळणारी भक्कम संस्था होती. ग्लासगोसह पश्चिमेचा मोठा टापू आणि आर्गाइलची बेटे पोटात घेणाऱ्या एकट्या स्ट्रॅथक्लाइडमध्ये स्कॉटलंडची जवळपास निम्मी लोकसंख्या होती. (तिचे मुख्यालय ग्लासगोच्या इंडिया स्ट्रीटवर होते, एवढाच आपला संबंध.) पाणीपुरवठा त्या संस्थांकडून काढून घेण्याचा विषय निघाला तेव्हा १९९४मध्ये स्ट्रॅथक्लाइडने टपालाने जनमत घेतले. सुमारे ७१ टक्के लोकांनी मत दिले आणि त्यांतील ९७ टक्के विरोधात गेले. त्या संस्थांच्या सभासदांना ‘प्रादेशिक परिषदेचे सदस्य’ म्हणणे अगदी योग्य होईल. किंबहुना आपल्या जिल्हा परिषद सदस्याचा तो बराच मोठा भाऊ होता.

तेव्हा १९९६पूर्वीचा ‘रीजनल’ राजकारणी आणि १९९९नंतरचा ‘रीजनल’ सदस्य यांना मराठीत एकच विशेषण लावू नये. पहिल्यासाठी ‘प्रादेशिक परिषद’, दुसऱ्यासाठी ‘प्रादेशिक यादी’. मार्गोबाई दुसऱ्या प्रकारातल्या.

तिसरे उत्तर

परिषदेचा विषय निघालाच आहे तर ‘कन्व्हीनर’ या शब्दाबद्दल सावध करतो, कारण स्कॉटिश चरित्रांत तो पावलोपावली भेटतो. स्ट्रॅथक्लाइडचे पहिले कन्व्हीनर जेफ शॉ होते. ते चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक होते, ग्लासगोच्या गॉर्बल्स या दरिद्री वस्तीत जाऊन राहिलेले आणि तिथून राजकारणात आलेले. १९७८मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. एका मराठी मजकुरात मी त्यांचा उल्लेख ‘परिषदेचे संयोजक’ असा वाचला आणि क्षणभर सतरंज्या घालणारा, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारा कार्यकर्ता डोळ्यांपुढे आला. मराठीत संयोजक आणि निमंत्रक हे सभेच्या तयारीचे धनी असतात, सभेचे नव्हेत. स्कॉटिश कन्व्हीनर मात्र सभेच्या मुख्य खुर्चीवर बसतो, आणि पार्लमेंटच्या समित्यांच्या प्रमुखांनाही तिथे हेच नाव आहे. त्यासाठी ‘अध्यक्ष’ हाच शब्द वापरावा.

चौथे उत्तर

आमदार-खासदाराचा प्रश्न सर्वांनी टाळला, म्हणून लिहिते. मार्गो मॅकडोनल्ड या ‘खासदार’ होत्या, यात वाद नाही. ८ नोव्हेंबर १९७३ रोजी ग्लासगोच्या गव्हन मतदारसंघातील पोटनिवडणुकीत त्यांनी मजूर पक्षाचा बालेकिल्ला ५७१ मतांनी घेतला आणि त्या लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये गेल्या. २८ फेब्रुवारी १९७४च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती जागा गेली, म्हणजे चार महिनेही पुरे झाले नाहीत. ब्रिटिश कॉमन्सच्या सदस्यांना मराठी वृत्तपत्रे सर्रास खासदार म्हणतात. मग १९९९नंतरच्या जागेसाठी ‘आमदार’ लिहिण्यास हरकत कोणती? एडिंबराची ही सभा वरिष्ठ संसदेने केलेल्या कायद्यातून जन्माला आली, ठरावीक विषय त्या संसदेने स्वतःकडे राखून बाकीचे हिच्याकडे सोपवलेले आहेत. मराठी वाचकाला ‘आधी खासदार, पंचवीस वर्षांनी आमदार’ एवढे वाचून जे चित्र दिसेल ते खऱ्यापासून फार दूर नसेल.

पहिले उत्तर देणारे

इथे मी सहमत नाही. ‘आमदार’ म्हटल्याबरोबर वाचक विचारतो, ‘कुठले?’ आणि उत्तरादाखल त्याला तालुक्याचे नाव हवे असते. यादीतून आलेल्या सदस्याला तसे नाव नाही. शिवाय ती सभा स्वतःला पार्लमेंट म्हणवते आणि तिचे सदस्य त्या नावाबद्दल हळवे आहेत.

चौथे उत्तर देणारी

विधान परिषदेतील ७८ जणांनाही आपण आमदारच म्हणतो, आणि राज्यपालनियुक्त आमदाराला कोणी तालुका विचारत नाही. हळवेपणाचा मुद्दा मान्य, पण तो शब्दार्थाचा मुद्दा नव्हे. माझे म्हणणे एवढेच की शीर्षकात किंवा चौकटीत जागा कमी असेल तेव्हा ‘आमदार’ चालावा. लेखाच्या अंगात ‘स्कॉटिश पार्लमेंटच्या सदस्य’ लिहावे.

तिसरे उत्तर देणारे

मार्गोबाईंच्या पक्षांतराचे शब्दही नीट निवडावे लागतील, कारण त्या स्कॉटिश नॅशनल पार्टी या एकाच पक्षातून दोनदा बाहेर पडल्या आणि दोन्ही वेळचा प्रकार निराळा होता. १९७४ ते १९७९ त्या पक्षाच्या उपनेत्या होत्या. १९८२मध्ये पक्षाने अंतर्गत गटांवर बंदी घातल्यावर त्या स्वतः निघाल्या, तो ‘पक्षत्याग’. पुढे पत्रकारिता आणि नभोवाणी-दूरचित्रवाणीत नाव कमावून त्या पक्षात परतल्या आणि १९९९मध्ये यादीतून निवडून आल्या. २००३च्या निवडणुकीसाठी पक्षाने लोदियनच्या यादीत त्यांना पाचव्या क्रमांकावर टाकले. भागाकाराच्या त्या पद्धतीत पाचवा क्रमांक म्हणजे घरी बसा असे सभ्य भाषेत सांगणे होय. त्यांनी अपक्ष उभे राहण्याचे जाहीर केले आणि पक्षाने त्यांना काढले, ती ‘हकालपट्टी’. आपल्याकडे अशा उमेदवाराला ‘बंडखोर’ हा तयार शब्द आहे आणि तो इथे चपखल बसतो, मात्र निवडणूक संपेपर्यंतच. २००३मध्ये २७ हजारांहून अधिक मते घेऊन त्या आल्या, पुन्हा २००७ आणि २०११मध्येही आल्या. तीनदा निवडून आलेल्या व्यक्तीला बंडखोर म्हणत राहणे बरे दिसत नाही, तिथून पुढे ‘अपक्ष’.

प्रश्नकर्ती

पक्षाचे नावच यादीत नसताना एकट्या व्यक्तीला ‘यादीतून आलेली’ म्हणता येईल का? त्यांच्या यादीत दुसरे नावच नव्हते.

दुसरे उत्तर देणारे

फार नेमका प्रश्न आहे, आणि मी माझी सूचना त्यामुळे थोडी दुरुस्त करतो. १९९९साठी ‘प्रादेशिक यादीतून’, २००३पासून ‘प्रादेशिक जागेवर अपक्ष म्हणून’. हा फरक कागदापुरता नाही. मतदारसंघातील सदस्य गेल्यास पोटनिवडणूक होते. पक्षाच्या यादीतील सदस्य गेल्यास त्याच यादीतील पुढचे नाव वर सरकते. प्रादेशिक जागेवरील अपक्ष गेल्यास दोन्ही वाटा बंद असतात, कारण मतदारसंघ नाही आणि खाली नावही नाही. ४ एप्रिल २०१४ रोजी मार्गोबाई गेल्या आणि त्यांची जागा २०१६च्या निवडणुकीपर्यंत तशीच राहिली. दोन वर्षे ते सभागृह १२८ जणांचे होते.

त्यांचा शेवटचा कायदेप्रस्तावही त्यांच्या पश्चात दुसऱ्या सदस्याने पुढे नेला. असाध्य आजारात स्वतःचा अंत निवडण्यासाठी मदत मिळावी, हा तो विषय. त्यांना स्वतःला पार्किन्सन्सचा विकार होता. पहिला प्रस्ताव डिसेंबर २०१०मध्ये ८५ विरुद्ध १६ मतांनी पडला, दुसरा मे २०१५मध्ये ८२ विरुद्ध ३६ मतांनी. याला ‘दयामरण’ लिहू नये. दया दुसऱ्याने करायची असते, आणि इथे मागणी मरणाऱ्याची आहे. ‘इच्छामरण’ जवळचा आहे, पण भीष्माला त्यासाठी कोणाची मदत लागली नव्हती, म्हणून ‘साहाय्याने इच्छामरण’ असे लिहावे.

प्रश्नकर्ती

सुधारलेला आरंभ असा झाला आहे : ‘मार्गो मॅकडोनल्ड या १९७३–७४मध्ये काही महिने ब्रिटिश खासदार होत्या. १९९९मध्ये त्या लोदियनच्या प्रादेशिक यादीतून स्कॉटिश पार्लमेंटवर निवडून आल्या आणि २००३पासून त्याच प्रदेशाच्या जागेवर अपक्ष म्हणून राहिल्या. त्यांच्या निधनानंतर ती जागा दोन वर्षे रिक्त होती.’ संपादकांनी या वेळी पेन्सिलीने एकच खूण केली आहे : ‘रिक्त’ खोडून ‘रिकामी’ लिहिले आहे. रिक्त जागा भरण्यासाठी असते, असे त्यांचे म्हणणे.