टाटा 1210 वर जुना बी-275 चढवायचा आहे: रॅम्प, बांधणी, ब्रेक

जुनीचाकं
गाडी टाटा 1210 ट्रक, 1974 चं मॉडेल. पूर्वी एका ट्रॅक्टर शोरूमची डिलिव्हरीची गाडी होती. हौद्यावर रंगवलेलं नाव अजून वाचता येतं आणि ते तसंच राखायचं आहे. लाकडी हौदा, मागे साखळ्यांचा फाळका, टायर 9.00-20. तिच्यावरून महिंद्राचा बी-275 ट्रॅक्टर न्यायचा आहे, मागचे टायर 12.4-28. कराड ते पुणे, साधारण 160 किलोमीटर, आणि परत. क्रेन नाही. 10 फुटी सागवानी फळ्या आहेत, त्या चालतील का? ट्रॅक्टर पुढून चढवावा की रिव्हर्समध्ये? आणि दोरखंड पुरेल की साखळ्याच लागतील?

वेल्डर_मिरज
फळ्या नकोत. हौद्याची उंची चार फुटांच्या आसपास येईल (रिकाम्या गाडीची मोजून घ्या). 10 फुटी फळीवर 23-24 अंशांचा चढ होतो. 15 फुटी रॅम्प केलात तर तो साडेपंधरावर येतो, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

सगळ्यात सोपं म्हणजे रॅम्पच न लावणं. मार्केट यार्डाच्या गोदामाचा धक्का, रेल्वेचा मालधक्का किंवा शेताचा उंच, घट्ट बांध बघा. गाडी मागे घेऊन टेकवा, मधल्या फटीवर 10 मिमीची प्लेट टाका. पुण्यात उतरवायच्या ठिकाणी धक्का आहे का, हे मात्र निघायच्या आधी विचारा.

रॅम्प करायचाच असेल तर एका चाकासाठी 100 मिमीचे दोन सी-चॅनेल, उभे. पुष्कळ जण रुंदी मिळते म्हणून एकच 150 चा चॅनेल पालथा टाकतात. पालथा चॅनेल फार कमी वजन पेलतो. 15 फुटांच्या मध्यावर मागचं चाक आलं की वाकतोच. 75 चे दोन उभे चॅनेल कागदावर जेमतेम पास होतात, पण चाक आदळलं की गेले. दोन चॅनेलमध्ये 16 इंच अंतर, वर 40×40×6 चे अँगल दर 9 इंचांवर, कड वर करून वेल्ड करा म्हणजे टायरचे गट्टू धरतात. एक रॅम्प शंभर किलोच्या वर जातो, उचलायला चार माणसं हवीत.

वरच्या टोकाला 12 मिमी प्लेटचे आकडे करा आणि ते चेसिसच्या क्रॉस मेंबरवर (आडव्या तुळईवर) अडकवा. फाळक्यावर कधीच नाही, त्याच्या बिजागऱ्या एवढं वजन घेत नाहीत. शिवाय प्रत्येक रॅम्प साखळीने चेसिसला बांधा. चाक वर चढताना रॅम्पला मागे ढकलतं. बांधलेला नसेल तर आकडा निसटतो आणि ट्रॅक्टर खाली येतो.

घाटरस्ता
वर म्हटलंय त्यात एक भर. ट्रॅक्टर टोकावर आला की गाडीचा मागचा भाग दबतो, पुढचा उचलतो, आणि रॅम्पचा कोन ऐन वेळी बदलतो. म्हणून चेसिसच्या मागच्या टोकाखाली लाकडी स्लीपरची चवड रचा. फळ्यांखाली नाही, चेसिसखालीच. गाडीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर विसंबू नका.

चढवताना रिव्हर्स, उतरवताना पुढून. म्हणजे ट्रॅक्टरचं नाक कायम उताराकडे. पुढून चढवलात आणि क्लच जरा झटक्यात सुटला तर पुढची चाकं उचलतात, आणि तो मागे पलटी व्हायला एक सेकंदही लागत नाही. मधे बंद पडला तर क्लच दाबू नका. गिअरमध्येच राहू द्या, ब्रेक धरा.

चढवण्याआधी दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीने एकत्र जोडा. हे लोक हमखास विसरतात. एकच पेडल दाबलं गेलं की ट्रॅक्टर एका बाजूला वळतो आणि चाक रॅम्पवरून खाली.

चालवत नेण्यापेक्षा ओढून नेणं मला जास्त पटतं. 1,800 किलोच्या ट्रॅक्टरला साडेपंधरा अंशांवर साडेपाचशे किलोच्या आसपास ओढ लागते, म्हणजे 2 टनी टिरफोर (तारेचा दोर ओढणारा हाताचा विंच) आरामात पुरतो. टिरफोर हौद्याच्या पुढच्या लाकडी भिंतीला नाही, चेसिसला अडकवा. स्टिअरिंगवर माणूस बसला तर चालेल, मागे कोणीही उभं राहायचं नाही.

टायरमध्ये पाणी भरलंय का? 12.4-28 मध्ये वॉल्व्हपर्यंत भरलं तर प्रत्येकी दीडशे लिटरहून जास्त मावतं. ते काढा. चाक जॅकवर घ्या, वॉल्व्ह खाली आणा, पिन काढा. तीनशे किलो कमी होतात.

जुनीचाकं
पाणी आहे, काढतो. 100 चे चॅनेल सांगितलेत. बांधणीचं बोला. आणि हौद्याच्या फळ्या दोन ठिकाणी मऊ लागतात.

साखळी_पक्की
मऊ फळ्या बदला. तोवर निघू नका. मागच्या एकेका चाकाचा भार पाच-सहाशे किलो असतो, आणि तो टायरखालच्या वीतभर जागेत उतरतो. नव्या फळ्यांवर, चाकं उभी राहतील तिथे कारखान्याच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचे पट्टे टाका. रबर-लाकूड पकड फार चांगली. लोखंडी चेकर्ड प्लेट ओली झाली की घसरते.

ट्रॅक्टर हौद्यात मागे ठेवू नका; त्याचा मुख्य भार गाडीच्या मागच्या एक्सलच्या पुढे दोन-तीन फूट यायला हवा. रिव्हर्समध्ये चढवल्यावर जड चाकं केबिनकडे जातात, म्हणजे हे आपोआप जमतं. पण नाक मागे असल्याने वारा बॉनेटमध्ये उलटा शिरतो. बॉनेट पट्ट्याने बांधा, सायलेन्सरवर डबा घाला.

दोरखंड नको. 8 मिमीच्या ग्रेड 80 साखळ्या चार, प्रत्येकीची कामाची क्षमता 2 टन. दोन ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्या हाउसिंगला, दोन पुढच्या एक्सलच्या बीमला, चारही तिरक्या, हौद्याच्या तळाशी कोन 45 अंशांहून कमी. टाय रॉडला, लिफ्टच्या लिंकला किंवा ड्रॉबारच्या पिनला बांधू नका. ब्रेकचा पाइप साखळीखाली येत नाही ना, ते वाकून बघा. ताण द्यायला रॅचेट बाइंडर घ्या. लिव्हरवाला सुटताना हात मोडतो.

ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा वाढवा, मात्र टायर तडकलेले नसतील तरच. मऊ टायरवर ट्रॅक्टर उसळतो आणि साखळ्या सैल होतात. 12 टनी गाडीत पावणेदोन टनच माल, त्यामुळे स्प्रिंगचे पाटे कडक राहणार आणि दणके बसणार. पहिल्या 10-15 किलोमीटरवर थांबून ताणा, पुढे दर 50 वर.

ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून पार्किंगची खिट्टी लावून.

घाटरस्ता
गिअरबद्दल सहमत नाही. साखळ्या सैल झाल्या तर चाकाचा प्रत्येक धक्का गिअरबॉक्सच्या दातांवर जातो. पार्किंगची खिट्टी आणि चाकांना खिळे ठोकून बसवलेले ठोकळे पुरेत. गिअरमध्ये ठेवलाच तर इंजिन बंद करायचा स्टॉप नॉब ओढून तारेने बांधा. जुनं डिझेल इंजिन चाक फिरलं की सुरू होऊ शकतं, बॅटरी काढलेली असली तरी.

डिझेलधूर
ट्रॅक्टरवर एवढं झालं, गाडीवर कोणीच बोललं नाही. उभ्या राहिलेल्या 1210 चे व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) अडकतात. चारही ड्रम काढा, रबरं बदला, ब्रेक ऑइल पूर्ण नवं भरा. जुनं ऑइल पाणी शोषतं. खंबाटकी घाटाच्या उतारावर तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

9.00-20 च्या लॉकरिंगवाल्या (टायर रिमवर धरणाऱ्या लोखंडी कड्याच्या) चाकात हवा भरताना जाळीचा पिंजरा वापरा, रिंगसमोर उभं राहू नका. गंजलेली रिंग उडाली तर जीव घेते.

कागद: 2021 चे व्हिंटेज नियम 50 वर्षांवरच्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत, मालवाहू ट्रकला लागू नाहीत. त्यामुळे फिटनेस (आठ वर्षांनंतर दर वर्षी), परमिट, विमा, पीयूसी हे सगळं चालू हवं.

आणि हौद्यावरचं नाव राखायचं असेल तर साखळ्या बाजूच्या फळ्यांवरून नेऊ नका. तळाला चेसिसमधून आरपार 16 मिमीचे यू-बोल्ट बसवून घ्या. रंगही वाचतो आणि पकडही खरी मिळते.

जुनीचाकं
यू-बोल्ट करतो. फळ्या आणि ब्रेक झाल्यावरच तारीख ठरवतो.