स्मरणिकेची पानं गच्च दिसतात. मोकळी जागा नेमकी कुठे सोडायची?

भुईकोट

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका वाचनालयाची स्मरणिका इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतेय. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात छापून हवी आहे.

साइज डेमी १/४, कटिंगनंतर ८.५ × ११ इंच. चारही बाजूंनी अर्धा इंच समास, तीन रकाने, रकान्यांत १२ पॉइंट अंतर. मजकूर मुक्ता फॉन्टमध्ये १० पॉइंट, लीडिंग (ओळीपासून ओळीचं अंतर) ऑटो, जस्टिफाय (दोन्ही कडा सरळ). एकूण ७६ पानं: लेख ३४ (एकूण १४ लेख), शुभेच्छा संदेश १२, जाहिराती २४, फोटो ६. एक लेख कन्नड आणि एक तेलुगू आहे. ८० जीएसएम मॅपलिथो कागद, आतली पानं एकरंगी.

अडचणी अशा: पान काळंकुट्ट दिसतं. शब्दांमध्ये मध्येच मोठी भोकं पडतात. काही ठिकाणी वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो. सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरच्या लेखात चार जुने फोटो आहेत, चारही वेगवेगळ्या मापाचे, ते एका पानावर विचित्र दिसतात. समितीला मोकळी जागा दाखवली की "ही वाया का घालवली, इथे एखादा सुविचार टाका" असं ऐकायला मिळतं.

मोकळी जागा किती, कुठे आणि पानं किती वाढतील?

शिरोरेघ

ताई, पान काळं दिसण्याचं मूळ लीडिंगमध्ये आहे, तिथूनच सुरुवात करा. इनडिझाइनचं ऑटो लीडिंग म्हणजे अक्षराच्या १२० टक्के, म्हणजे तुमच्या १० पॉइंटला १२. रोमन अक्षरांना ते चालतं. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार, जोडाक्षरांचे पाय. देवनागरीला १४० टक्क्यांच्या खाली जाऊच नका. १०.५ पॉइंटला १५ ठेवा. मग एक चाचणी घ्या: वरच्या ओळीत "शत्रू, लठ्ठ, उद्ध्वस्त" आणि बरोबर तिच्याखाली "पौर्णिमा, वर्षांनी, कर्मेंद्रिये" टाइप करा. या दोन ओळी एकमेकींना शिवल्या नाहीत तर बाकी मजकूरही शिवणार नाही.

भोकं पडतात ती रकाना अरुंद असल्यामुळे. तुमचा रकाना १७२ पॉइंट, म्हणजे जेमतेम ६१ मिमी. मराठी शब्दांना प्रत्यय चिकटतात, "कार्यकर्त्यांच्यासाठीसुद्धा" एवढा मोठा शब्द पुढच्या ओळीत गेला की मागे उरलेल्या तीन-चार शब्दांना सगळी ओळ ताणून भरावी लागते. तीन रकाने सोडा, दोन करा.

पान पॉइंटमध्ये ६१२ × ७९२ धरा. आतला समास ५४, बाहेरचा ४५, वरचा ५४, खालचा ६३. मधलं अंतर १७ ठेवलं तर प्रत्येक रकाना २४८ पॉइंट, म्हणजे सुमारे ८७ मिमी मिळतो. उभी जागा ६७५ पॉइंट, १५ च्या लीडिंगने बरोबर ४५ ओळी. बेसलाइन ग्रिड (सगळ्या ओळी ज्यावर बसतात ती समान अंतराची आखणी) १५ ची लावा आणि मुख्य मजकूर तिला बांधा. ग्रिडचा फायदा नुसता टापटिपीचा नाही. ८० जीएसएमवर मागची छपाई थोडी आरपार दिसते. दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींच्या पाठीवर आल्या तर मधली पट्टी कोरी राहते, नाहीतर त्या पट्टीत मागच्या ओळीची सावली येते आणि पान मळकट वाटतं.

जस्टिफाय ठेवायचंच असेल तर जस्टिफिकेशनमध्ये लेटर स्पेसिंगची (अक्षरांमधल्या अंतराची) तिन्ही घरं शून्य. शब्दांतलं अंतर मूळचं ८०/१००/१३३ असतं ते राहू दे, ग्लिफ स्केलिंग (अक्षराची रुंदी) ९८/१००/१०२ करा. अक्षरांमध्ये ट्रॅकिंग अजिबात वाढवू नका, शिरोरेघ तुटते. उणे ट्रॅकिंगने अक्षरं एकमेकांत घुसतात. माझ्या मते मात्र डावीकडून लावलेला, उजवी कड मोकळी सोडलेला मजकूर मराठीत जास्त चांगला वाचला जातो. शब्दांतलं अंतर सगळीकडे सारखं राहतं, आणि ओळीच्या टोकाला जी थोडी थोडी मोकळी जागा उरते तिनेच पान हलकं होतं.

मथळ्यांबाबत: उपमथळ्याच्या वर जास्त आणि खाली कमी जागा. वर १० पॉइंट, खाली ५, बेरीज १५, म्हणजे ग्रिड मोडत नाही. उलटं केलं, किंवा दोन्हीकडे सारखं ठेवलं, तर उपमथळा कुठल्या परिच्छेदाचा ते डोळ्याला कळत नाही. परिच्छेद वेगळा दाखवायला एकतर पहिली ओळ १५ पॉइंट आत घ्या किंवा एक ओळ सोडा. दोन्ही करू नका. मथळ्यानंतरचा पहिला परिच्छेद आत घ्यायची गरज नसते.

चार फोटोंचं: रकान्याच्या रुंदीत दोन फोटो, मध्ये ८ पॉइंट, म्हणजे प्रत्येक फोटो १२० पॉइंट रुंद. चारही एका रांगेत बसतात. चौकट सारखी करून भागत नाही, चेहरे सारखे झाले पाहिजेत. हनुवटीपासून कपाळापर्यंतचं माप चौघांचं एकच, आणि डोळे एका रेषेत. त्यासाठी एखादा फोटो जास्त कापावा लागला तरी कापा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांची नावं सारख्याच आकारात आणि एकाच ओळीवर. १२ जानेवारी १९३१ ही फाशीची तारीख प्रत्येक फोटोखाली लिहायची गरज नाही, रांगेखाली एकदा पुरे. त्या तारखेच्या वर-खाली एकेक ओळ कोरी सोडा, तिथे सुविचार नको.

आणखी एक, जे बहुतेक जण चुकवतात. देवनागरी अक्षर शिरोरेघेला टांगलेलं असतं. फोटोची वरची कड शेजारच्या ओळीच्या शिरोरेघेला जुळवा, मात्रेच्या टोकाला किंवा टेक्स्ट फ्रेमच्या कडेला नाही. खालची कड ओळीच्या पायाला. यासाठी टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समध्ये फर्स्ट बेसलाइन "फिक्स्ड" करून १५ द्या. तिथे "असेंट" राहिलं तर फॉन्ट बदलला की पहिली ओळ वर-खाली सरकते.

फर्मा_कटिंग

वरचं सगळं बरोबर, एक सोडून. उजवी कड सोडलेला मजकूर आपल्याकडच्या वाचकाला "अजून लावायचा राहिलाय" असा वाटतो, आणि समितीला तर नक्कीच. ८७ मिमीच्या रकान्यात जस्टिफाय व्यवस्थित बसतं. फक्त शेवटची ओळ डावीकडेच राहील असा पर्याय घ्या. फुल जस्टिफाय केलं तर शेवटच्या ओळीतले दोन शब्द दोन टोकांना जातात.

आता समितीला द्यायचा हिशेब. पानात किती मजकूर मावतो ते मजकुराचं क्षेत्रफळ भागिले (अक्षराचा आकार गुणिले लीडिंग). तुमचं आत्ताचं: ५१६ × ७२० भागिले (१० × १२), येतं ३०९६. नव्याचं: ४९६ × ६७५ भागिले (१०.५ × १५), येतं सुमारे २१२५. म्हणजे लेखांची पानं जवळजवळ दीडपट, ३४ ची ५० होणार. हे लपवू नका. मोकळी जागा फुकट मिळत नाही.

डेमी १/४ ला १८ × २३ इंची कागदावर एका बाजूला ४, दोन्ही मिळून ८ पानांचा फर्मा (एका कागदावर एकत्र छापली जाणारी पानं). ७६ म्हणजे साडेनऊ फर्मे. आता लेख ५०, जाहिराती २४, फोटो ६, आणि संदेश एका पानावर दोन लावले तर १२ चे ६. बेरीज ८६. अकरा फर्म्यांची ८८ पानं होतात, म्हणजे खर्च दीड फर्म्याचा वाढला आणि दोन पानं हातात उरली. ती कोरी ठेवायची नाहीत, लेखांच्या सुरुवातीला वाटायची. प्रत्येक लेखाच्या पहिल्या पानावर मथळ्याच्या वर सहा ओळी, म्हणजे ९० पॉइंट, मोकळ्या सोडल्या की १४ लेखांना साधारण दोन पानं लागतात. प्रत्येक लेखाला तेवढ्याच सहा. एखाद्याला चार आणि एखाद्याला नऊ झाल्या की ती चूक वाटते.

संदेशांची लेटरहेडं स्कॅन करून पानभर छापू नका. मजकूर टाइप करा, नाव-हुद्दा आणि फोटो द्या. अर्ध्या पानात निवांत बसतं.

बाइंडिंग परफेक्ट (पाठीला गोंद लावून) करा. ८८ पानांना पिन मारली तर २२ पत्रे (दुमडलेले कागद) एकात एक जातात, ८० जीएसएमचा पत्रा सुमारे ०.१ मिमी, म्हणजे मधली पानं दोन मिमीहून जास्त बाहेर येतात आणि कटिंगला तेवढा बाहेरचा समास जातो. परफेक्टला आतल्या बाजूचा समास गोंदात आणि वळणात दबतो, म्हणून तुमचा अर्धा इंच कमी होता. ५४ पॉइंट म्हणजे १९ मिमी, ते पुरेल. पाठ साडेचार मिमीच्या आसपास होईल, तिच्यावर नाव छापायच्या फंदात पडू नका, जरा सरकलं की मुखपृष्ठावर येतं.

जाहिराती लेखांमध्ये पेरू नका. प्रत्येक जाहिरातदाराची स्वतःची जाड चौकट असते, ती मजकुराला लागली की तुमची सगळी मोकळी जागा बुजते. पूर्ण पानाच्या जाहिराती शेवटी सलग. अर्ध्या पानाच्या दोन-दोन जोडून, मध्ये १२ पॉइंट. लेखाखाली घालावीच लागली तर मजकूर आणि चौकट यांत दोन ओळी कोऱ्या. आणि काळ्या पट्टीवर पांढरी १० पॉइंटची अक्षरं मॅपलिथोवर टाळा, शाई पसरून अनुस्वार बुजतो. लागलंच तर १२ पॉइंट ठळक.

पूर्वभाग

कन्नड आणि तेलुगूबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मुक्ता घराण्यात देवनागरी, गुजराती, गुरुमुखी, तमिळ आहेत. कन्नड-तेलुगू नाहीत. त्यामुळे ते दोन लेख दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमध्ये पडतात आणि पान परकं दिसतं. "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचं "अनेक" घराणं बघा, त्यात तिन्ही लिप्या एकाच वजनाच्या आहेत आणि फॉन्ट मोफत आहेत. मुक्ताच ठेवायचा असेल तर निदान मथळे तिन्हींचे "बालू"मध्ये घ्या: देवनागरीला बालू, कन्नडला बालू तम्मा, तेलुगूला बालू तम्मुडू.

दोन्ही लिप्यांत शिरोरेघ नाही, जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं. तेलुगूत "स्त्री", "राष्ट्र" टाइप करून बघा, १५ चं लीडिंग कमी पडेल. त्या दोन लेखांना ग्रिड सोडून १६.५ किंवा १७ द्या. स्वतंत्र पानांवर असल्याने बिघडत नाही, फक्त दोन्ही रकाने एकाच लीडिंगचे ठेवा. पॉइंट आकडा सारखा ठेवण्याचा हट्ट नको. प्रिंट काढून हातभर लांब धरा, जी लिपी मोठी भासेल तिला अर्धा पॉइंट कमी करा.

पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनखाली कंपोझर "वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ" आहे ना ते बघा. नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटतात. कॅरेक्टर स्टाइलमध्ये भाषाही त्या-त्या लेखाची निवडा. मराठी निवडलं की फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

भुईकोट

खूप आभार. दोन रकाने केले, पान एकदम उघडलं. ८८ पानांचा हिशेब समितीला पटला, कारण संदेशांची पानं कमी झाली. पण काही ओळींत भोकं अजूनही आहेत, आणि काही ठिकाणी प्रश्नचिन्ह एकटंच पुढच्या ओळीत येतं. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून आला आहे.

शिरोरेघ

व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात तीन गोष्टी असतात. दुहेरी-तिहेरी स्पेस, विरामचिन्हाच्या आधी स्पेस ("का ?" असं टाइप केलेलं) आणि ओळ मध्येच तोडणारा शिफ्ट-एंटर. प्रश्नचिन्ह एकटं पडतं ते त्या मधल्या स्पेसमुळे, आणि भोकं बहुधा शिफ्ट-एंटरमुळे, कारण जस्टिफाय केलेल्या मजकुरात तोडलेली ओळही पूर्ण रुंदीला ताणली जाते. फाइंड-चेंजच्या ग्रेप (नमुना देऊन शोधायच्या) टॅबमध्ये आधी दोन किंवा जास्त स्पेसची एक करा, मग स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांच्या आधीची स्पेस काढा, शेवटी सक्तीच्या ओळतोडीच्या जागी एक स्पेस. कविता आधी बाजूला काढा, नाहीतर त्यांच्या ओळीही एकत्र होतील. "डॉ." आणि नाव, "इ.स." आणि साल यांच्यामध्ये न तुटणारी स्पेस घाला.

कविता मधोमध लावू नका. डावीकडून लावा आणि सगळ्यात लांब ओळ रकान्याच्या साधारण मध्ये येईल एवढा पूर्ण ठोकळा आत सरकवा.

भुईकोट

कविता आधीच मधोमध लावल्या होत्या, बदलते. रकान्याच्या तळाशी दोन-तीन ओळी उरतात तिथे काय करू? समितीचे अध्यक्ष तिथेच सुविचार शोधतायत.

फर्मा_कटिंग

तशाच सोडा. व्हर्टिकल जस्टिफिकेशन लावून ओळी ताणू नका, ग्रिड मोडते आणि शेजारचा रकाना तिरपा वाटतो. परिच्छेदाची एकच ओळ नव्या रकान्यात जात असेल तर कीप ऑप्शन्समध्ये सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन-दोन ओळी एकत्र ठेवा. लेख संपताना अर्ध्याहून जास्त पान कोरं राहिलं तरच तिथे अर्ध्या पानाची जाहिरात घ्या, पैसेही येतात आणि अध्यक्षांचंही समाधान होतं.

पीडीएफ देण्याआधी काळा मजकूर फक्त काळ्या शाईत आहे का ते सेपरेशन्समध्ये (शाया वेगवेगळ्या दाखवणाऱ्या खिडकीत) तपासा, आणि चार-पाच पानांची लेझर प्रिंट शंभर टक्के मापात काढा. प्रिंटरच्या खिडकीत "फिट टू पेज" चालू राहिलं तर समास आणि अक्षर दोन्ही लहान दिसतील आणि समिती १२ पॉइंटचं अक्षर मागेल.