तलाव आधी की तांडा आधी? पाटोदा तालुक्यातल्या तांड्याच्या जुन्या नोंदी कुठे शोधू?

बालाघाटची लेक
जय सेवालाल. आमचा बंजारा तांडा बालाघाटाच्या माथ्यावर, पाझर तलावाच्या काठाला आहे. शाळेच्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवायचं ठरलंय. त्यातली पहिलीच ओळ अशी: "1972च्या दुष्काळात तलावाच्या कामावर आलेले मजूर इथे स्थायिक झाले." ती वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझी आजी लग्न होऊन या तांड्यात आली तेव्हा तलाव नव्हताच. दुष्काळात तिने बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, लेकरांना सुकडी चारली, हे सगळं खरं. पण ती कुठून आली नव्हती. तिच्या घराची जागाच तलावात गेली आणि तांडा वर सरकला.

परवा पाणी हटलं म्हणून तिला घेऊन तळात उतरले. गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एका कातळापाशी ती थांबली, काठीने चिखलाची खपली काढली, तर खाली उखळ. दगडातच कोरलेलं, वीतभर खोल, आतून तळहातासारखं गुळगुळीत. आजी खाली बसली, आतून हात फिरवला आणि म्हणाली, "हे माझ्या सासूच्या सासूचं." पलीकडे चिरेबंदी विहिरीचा काठही उघडा पडलाय.

आजीचं बोलणं मला पुरेसं आहे, पण शाळेत कागद मागतात. कुठे शोधू?

जुना तलाठी
ताई, पहिल्यांदा तलावाचा भूसंपादन निवाडा काढा. खाजगी जमीन गेली असेल तर निवाडा असणारच, आणि त्यात सर्व्हे नंबरागणिक विहिरी, झाडं, घरं मोजलेली असतात. ती विहीर त्यात सापडली तर तलावाआधी तिथे वस्ती होती याला मोठा आधार मिळेल. उपविभागीय अधिकारी कार्यालयात अर्ज द्या, तलावाचं नाव आणि सर्व्हे नंबर घालून.

दुसरं, 1954-55चं खासरा पाहणी पत्रक. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथे जुन्या नोंदींसाठी तेच बघतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल. तांडा गायरानात असेल तर मालक म्हणून नाव येणार नाही, तेव्हा लगतच्या नंबरांत कुळाचा रकाना वाचा. त्याच्याही मागचं दप्तर उर्दूत आहे आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली साल. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1344 फसली हे 1934-35. उर्दू वाचणारा जाणता माणूस सोबत न्या, नाहीतर राठोडचं भलतंच काही वाचलं जातं.

गोरमाटी बापू
बाई, कागदाच्या आधी माणसं गाठ. तांड्याला पहिल्या नायकाचं नाव असेल तर त्याच्यापासून पिढ्या मोज. आपल्या भाटांना वंशावळी तोंडपाठ असतात. तुमच्या गोताचा भाट कुठला, ते म्हाताऱ्यांना विचार.

आपण मजूर म्हणून आलो हे कुणी लिहू नये. आपले लोक लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य घालून घाट चढायचे. 1900च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाली, मालाची वाहतूक तिकडे गेली आणि बैल रिकामे झाले. मग जिथे चारा आणि पाणी, तिथे तांडे बसले. तुमच्या त्या खोलगट जागेत पाणी टिकत होतं म्हणून आधी तांडा बसला. पाणी टिकत होतं म्हणूनच पुढे तलावालाही तीच जागा धरली.

खालच्या गावचा
मी बांधाच्या खालच्या गावचा. आमच्या विहिरींना पाणी आहे ते तुमच्या तलावामुळे. आमचे आजोबा त्या जागेला 'तांड्याचा खोरा' म्हणायचे, 'तलावाचा' नाही. ते आता नाहीत, पण त्यांच्या वयाचे दोघं आहेत. त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. येत्या रविवारी आलात तर मी घेऊन जातो.

बालाघाटची लेक
तलाठीकाका, बापू, दादा, फार आभार. निवाड्याच्या नकलेचा अर्ज आज दिला. दादा, रविवारी आजीला घेऊन येते. उशीर करून चालणार नाही, दसरा झाला की अर्धा तांडा कोयता घेऊन कारखान्यावर जाईल आणि सांगणारी माणसं भेटायची नाहीत. उखळाचे आणि विहिरीचे फोटो टेप लावून काढलेत, पाऊस पडला की पुन्हा पाण्याखाली जाईल. 'तांड्याचा खोरा' हे नाव आजीला वाचून दाखवलं तर तिने दोनदा वाचायला लावलं.

पेंटरला सांगितलंय, ती पहिली ओळ सोड आणि बाकीचं रंगव.