शुक्राचा पाठलाग?

उडती तबकडी (यूएफओ) दिसल्याचं पोलिसांनी सांगितलं की लोक म्हणतात, 'पोलीस कशाला खोटं बोलतील?' मुद्दा मान्य, पण खोटं न बोलताही माणूस फसतोच की! १७ एप्रिल १९६६ च्या पहाटे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या पोर्टेज काउंटीच्या दोन डेप्युटींनी (तिथल्या शेरीफच्या हाताखालच्या पोलिसांनी) एका झगझगीत वस्तूमागे गाडी पिटाळली ती थेट पेनसिल्व्हेनियात, सुमारे १३५ किलोमीटर. अशा प्रकरणांचा तपास करणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'चा निकाल: आधी उपग्रह दिसला, मग शुक्र. शुक्र सोबत पळतोय असं वाटतं खरं (चंद्र नाही का गाडीबरोबर धावत?), पण वस्तू डोक्यावर आली, खालची जमीन उजळली असं ते सांगत होते, त्याचं काय? याच ब्लू बुकने १९६४ चं न्यू मेक्सिकोतल्या सोकोरोचं लॉनी झामोरा प्रकरण (या पोलिसाने जमिनीवर उतरलेली वस्तू पाहिल्याचं सांगितलं होतं) मात्र 'अनोळखी'च ठेवलं. तिथे निदान जमिनीवर खुणा आणि जळकं झुडूप तरी होतं.